दोघांचं पान
मळीचा वास आला की आमच्या सहकारी साखर कारखान्यातली वजनकाट्याची खोली आठवते. एकाच कॉम्प्युटरला दोन स्क्रीन होत्या. माझा प्रोग्राम गाडीचं वजन लिहायचा, समोर बसणाऱ्या चौसाळा गावच्या सोबत्याचा प्रोग्राम पुढचा नंबर पुकारायचा, आणि कॉम्प्युटरच्या मेमरीतलं एक पान दोघांचं होतं: त्याने त्यात टाकलेला नंबर माझ्या स्क्रीनवरही दिसायचा. "म्या बंद केलं तरी तू धरलंय तवर पान ऱ्हातंय," तो सांगायचा. गाड्यांच्या गर्दीत एक वाजून गेला तरी माझा डबा तसाच राहायचा. दुष्काळात ऊस वाळला, गाळप महिन्याभरातच थांबलं. शेवटची बैलगाडी मोजून झाल्यावर तो आपला प्रोग्राम बंद करून निघून गेला. माझ्या स्क्रीनवर नंबराच्या जागी इंग्रजी अक्षरांत उरलं होतं: डबा खाऊन घे. लाईट जाईपर्यंत मी काहीच बंद केलं नाही. अजूनही एक वाजला की हातातलं सगळं सोडून मी डबा उघडते.