लहान म्हणा, खोटी म्हणू नका

भातुकली घ्यायला आलेल्या एखाद्या बाईनं "ती खोटी भांडी दाखवा" म्हटलं की दादांचं डोकं फिरायचं. माझे वडील तसे मऊ माणूस, पण ह्या एका शब्दापायी ते आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचे. "लहान म्हणा, खोटी म्हणू नका. ह्या बंबात पाणी तापतंय. तापवून दावू का?" आणि खरंच कोळशाचे चार कण टाकून वितीएवढ्या बंबात पाणी तापवून दाखवायचे. बाई तोंडाला पदर लावून हसायची आणि बहुतेक वेळा बंब घेऊनच जायची.

पोलीस ॲक्शननंतर दादा पैठणकडच्या खेड्यातून औरंगाबादेत आले आणि शहागंजात एका तांबटाच्या हाताखाली हंडे-घागरी ठोकायला लागले. पुढं स्टील आलं आणि पितळेचे हंडे कुणी घेईना. बरोबरीच्यांनी दुसरे धंदे धरले. दादांनी पत्रा तोच ठेवला, फक्त भांडी लहान केली. लग्नाच्या रुखवतात मांडायला अंगठ्याएवढी कळशी, करंगळीएवढा तांब्या, असलं करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. भांडं उलटं केलं तरी बुडाची लाज वाटता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

माय वैतागायची. "चूल-बोळकी करता करता म्हातारे झाले, पण माझ्या गळक्या घागरीला डाग काय दिला नाय!" तिचं खोटं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच स्वयंपाकघरात होता. माझ्या रुखवतासाठी केलेली भातुकलीसुद्धा दादांनी एका अडलेल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली. ते मी अजून विसरलेले नाही.

हात थरथरायला लागले तेव्हा दादांची ऐरण पलंगाखाली गेली. त्याच सुमारास मायनं अंथरूण धरलं, म्हणून मी माहेरी येऊन राहिले. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर औषधाचा काही उपयोग नाही. आणि माय तर पेजेच्या वाटीला तोंडच लावेना.

"दोन घोटाच्या वर जात नाय गं. उरलेलं टाकावं लागंल. जाता जाता अन्न टाकायचं पाप नको."

"उरलेली मी पिते ना!"

"माझं दुखणाईताचं उष्टं लेकीला? नाय."

तिनं जन्मात कधी ताटात शीत ठेवलं नव्हतं. मी समजावलं, ओरडले, रडले. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

दादांनी पलंगाखालून ऐरण बाहेर ओढली, कारण केलेलं सगळं विकलेलं, घरात भातुकलीतलं एक भांडं शिल्लक नव्हतं. दिवसभर ठकठक चालली. मधेच हातोडी बोटावर बसायची, मग ठकठक थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. संध्याकाळी वाटी झाली. जेमतेम दोन घोट मावतील एवढी, आणि चांगलीच वाकडी. एरवी असली वाटी त्यांनी मोडीत टाकली असती. पितळेत अन्न कळकतं म्हणून आतून कल्हई केली, पेज भरली आणि मायपुढं धरली.

"वाकडी झाली," ते म्हणाले.

माय वाटीकडं बघत राहिली. मग हसली. "आता पोरीसारखं जेवू व्हय?"

"आख्खी वाटी हाय. संपव."

तिनं ती संपवली. बोटानं बूडसुद्धा पुसून घेतलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तेवढी वाटी ठरून गेली, आणि मीही तेवढीच पेज शिजवायला शिकले.

मग एका सकाळी वाटी रिकामी झाल्यावर मायनं ती खाली ठेवली नाही. माझ्यापुढं धरली. "आणखी दे गं थोडी."

मी स्वयंपाकघरात गेले. भांड्यात काहीच नव्हतं. माय पुन्हा मागेल असं मला वाटलंच नव्हतं. मी ओट्याला धरून रडायला लागले. तेवढ्यात दादा आत आले, फडताळातून सगळ्यांत मोठं पातेलं काढलं, चुलीवर चढवलं आणि ओंजळीनं तांदूळ टाकायला लागले.

"दादा, अहो, एवढी पेज कोण पिणार?"

"ती मागतीय," दादा म्हणाले, आणि आणखी एक ओंजळ टाकली.