अभ्यासिकेच्या नावाला एकच हरकत

आमच्या समोरच्या दारातल्या काकांनी आयुष्यात एकाही गोष्टीला पहिल्या झटक्यात होकार दिलेला नाही, आणि यात त्यांचं स्वतःचं लग्नही आलं. बैठकीत सगळं ठरलं, याद्या झाल्या, आणि नारळ हातात घ्यायच्या वेळी खुद्द नवरदेव म्हणाले, "माझी एक हरकत आहे." काकूंच्या वडिलांनी उचललेला नारळ परत ताटात ठेवला. हरकत निघाली मुहूर्ताला. मुहूर्त सकाळी नऊ सतराचा. मुलीकडची माणसं चिपळूणहून रात्रभर एसटीने हाडं खिळखिळी करून मुलुंडला येणार, तर त्यांनी आंघोळी करायच्या कधी? भटजींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि मुहूर्त दुपारवर गेला. "तेव्हाच ओळखायला हवं होतं मी," असं काकू अजून म्हणतात. पण आपल्याकडची सगळी मंडळी आंघोळ करून, पोटात दोन घास घालून मांडवात उभी होती, हेही त्याच सांगतात.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. तिथे त्यांनी तीस वर्षं बंद पडलेल्या फोनच्या तक्रारी ऐकून घेतल्या, आणि मला वाटतं, तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं असावं की पुढचं आयुष्य दुसऱ्यांनी ऐकायचं. लोक पेपर पुढून वाचतात, काही मागून वाचतात. काका मधून वाचतात, जिथे जाहीर सूचना छापतात तिथून. 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' हे वाक्य दिसलं की चष्मा पुसायचा, फुलस्केप कागद काढायचे, मधे कार्बन सरकवायचे आणि तीन प्रती करायच्या. घरात कॉम्प्युटर आहे, मुलाने पाठवलेला. त्यावर काकूंनी विणलेला रुमाल घातलेला आहे. पत्राची सुरुवात 'महोदय' आणि शेवट 'आपला हरकतदार'. मग स्वतः वॉर्ड ऑफिसला जाऊन पोच घ्यायची, शिक्का नीट उमटला नाही तर दुसरा मारून घ्यायचा. तिथल्या आवक खिडकीवरच्या क्लार्कने एकदा मला सांगितलं होतं, "मॅडम, बाकीच्यांची फाईल असते. तुमच्या काकांचं कपाट आहे."

मी त्यांच्यावर वर्षानुवर्षं मनापासून चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट बसवायची ठरली तेव्हा काकांनी हरकत घेतली की लिफ्टचं दार तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीसमोर उघडतं, आणि येणारा-जाणारा दिवसभर त्यांच्या ताटात डोकावणार. लिफ्टची जागा बदलेपर्यंत दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं मी एका हातात भाजी आणि काखेत पोर घेऊन तीन मजले चढले आणि प्रत्येक जिन्याच्या वळणावर काकांचा उद्धार केला. त्याच पोरीच्या बारशाला, आत्या कानात नाव सांगायला वाकली आणि हे म्हणाले, "थांबा. या नावाच्या दोन मुली बिल्डिंगमध्ये आहेत. खालून हाक मारली तर तिघी खिडकीत येतील." माझ्या नणंदेने तिथल्या तिथे दुसरं नाव ठेवलं. मी आठवडाभर काकांशी बोलले नाही. पुढे त्या दोघींना खालून हाक मारली की दोघी खिडकीत यायच्या आणि माझी तिसरी आत निवांत झोपलेली असायची, तेव्हा पुन्हा बोलायला लागले.

या माणसाला आयुष्यात एकच जोडीदार असा मिळाला ज्याने त्यांची एकूण एक हरकत वाचली, आणि तो म्हणजे आमचे आमदार. साहेब आधी आमच्या वॉर्डाचे नगरसेवक होते, मग आमदार झाले. नाक्यावरच्या गतिरोधकाच्या उंचीवरून काकांनी पहिलं पत्र धाडलं, तेव्हा साहेब चिडून स्वतःच वर आले की हा माणूस आहे तरी कोण बघू. दहाला आले ते एकला उतरले, आणि जाताना गतिरोधक किती उंच हवा ते एका कागदावर काढून घेऊन गेले. तेव्हापासून रिवाजच पडला. काकांची एक प्रत साहेबांना जायची, आणि येत्या रविवारी दहा वाजता साहेब हजर. बरोबरची माणसं खाली ठेवायची, लिफ्ट आल्यावरही तिच्यात जीव घाबरतो म्हणून तीन मजले एकट्याने जिन्यानेच चढायचे, गुडघा धरून दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "बोला, विरोधी पक्षनेते."

आमची दारं समोरासमोर, आणि मुंबईत दार उघडं असलं की ऐकू येतं, त्यात माझा काही दोष नाही. कागदावर 'महोदय' असणारे साहेब घरात 'तू' व्हायचे. काकू घावन करायच्या. एकदा काका म्हणाले, "हे बघ, मी तुला मत देत नाही. तोंडावर सांगितलेलं बरं." साहेब घावन खात म्हणाले, "तुझं मत नसलं तर चालतं रे. तुझी हरकत नसली की मला रात्री झोप येत नाही, काहीतरी चुकलेलं राहून गेलं असं वाटतं." अशा रविवारच्या शेवटी दोनपैकी एक व्हायचं. एक तर काका त्याच फुलस्केपवर 'हरकत मागे घेत आहे' असं लिहून द्यायचे, नाहीतर साहेब नकाशा बदलायला घेऊन जायचे. माझ्या हिशेबाने नकाशाच जास्त वेळा बदलला.

सगळ्यात जास्त बदलला तो अभ्यासिकेचा. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतली मुलं परीक्षेच्या दिवसांत बागेतल्या दिव्याखाली अभ्यास करायची, म्हणून साहेबांनी मार्केटमागच्या प्लॉटवर पालिकेची अभ्यासिका आणायचं मनावर घेतलं. काकांनी तिच्यावर अकरा हरकती घेतल्या. पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारी ऊन वहीवर येणार. मुलींचं टॉयलेट इमारतीच्या मागे, तिथे संध्याकाळनंतर कोण जाईल? आठ वाजता बंद करणार म्हणता, तर कामावरून साडेसातला येणाऱ्या पोरांनी अर्ध्या तासात काय कप्पाळ अभ्यास करायचा? अकरा रविवार साहेब वर आले. कंत्राटदार रडकुंडीला आला, लोक म्हणाले या म्हाताऱ्यापायी अभ्यासिकेची वाट लागली. पण उभी राहिली. खिडक्या उत्तरेला, मुलींचं टॉयलेट आत, दरवाजा अकरापर्यंत उघडा. उद्घाटनाच्या भाषणात साहेब म्हणाले की या इमारतीचे आर्किटेक्ट दोन, त्यातला एक पालिकेचा. काका मागच्या रांगेत बसून मंडपाच्या दोऱ्या रस्त्यात येतात का ते बघत होते.

आणि एका माघात साहेब गेले. सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि बागेच्या बाकावरच आटोपलं. शोकसभेत सतरा माणसं बोलली, सगळे त्यांना कार्यसम्राट म्हणाले, ध्वनिक्षेपक वेळेपुढे चालला, आणि काकांनी कशालाही हरकत घेतली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढे आमचा रस्ता एकदा गॅससाठी खणला, बुजवला, आणि आठवड्यात केबलसाठी पुन्हा खणला. काका गॅलरीतून बघत राहिले. काकूंनी फुलस्केपचा गठ्ठा आणून समोर ठेवला, तर म्हणाले, "राहू दे गं." एवढ्या वर्षांत ज्या बाईने त्या कागदांना शिव्या घातल्या, तिने माझ्याकडे येऊन डोळे पुसले. वॉर्ड ऑफिसच्या क्लार्कने मला खिडकीतून हाक मारून विचारलं, "मॅडम, काका बरे आहेत ना?"

दिवाळीनंतर सूचना छापून आली. मार्केटमागच्या अभ्यासिकेला साहेबांचं नाव देण्याचा प्रस्ताव आहे, कुणाच्या हरकती असल्यास मुदतीत कळवाव्यात. त्याच संध्याकाळी साहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळं मुलुंड वहिनी म्हणतं, त्या आमच्याकडे आल्या. समोर न जाता माझ्याकडे आल्या आणि दार लोटून घेतलं. वर्षश्राद्ध झालं की त्या इथलं घर बंद करून कायमच्या मुलीकडे नाशिकला जाणार होत्या. "एवढी पाटी लागलेली बघून जायचंय गं," त्या म्हणाल्या. "कुणाची हरकत आली की सुनावणी, मग प्रस्ताव परत कमिटीकडे, मग पुढचं वर्ष. तोवर मी कुठे येतेय. बाकी कुणाची यायची नाही. तू समोर राहतेस ना, त्यांना सांग, आयुष्यभर घेतल्यात, ही एक नको."

मी तशीच चपला न घालता समोर गेले. काका टेबलाशी बसले होते, कार्बन बाजूला काढून ठेवलेला, आणि हातात पोच. शिक्का दुपारचा होता.

मला काय झालं कोण जाणे, पण वीस वर्षांचं सगळं तोंडात आलं. "काका, लाज वाटते का हो जरा तरी?" मी म्हटलं. "तो माणूस गुडघे दुखत असताना तीन-तीन मजले चढून यायचा तुमच्याकडे. त्याच्या नावाला हरकत? वहिनी माझ्या घरात बसून रडतायत." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काकांनी पोच घडी घालून खिशात ठेवली. "सुनावणीला ये," एवढंच म्हणाले.

सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर होती. अधिकारी मॅडम नव्या होत्या, तरुण होत्या. क्लार्कने त्यांना सल्ला दिला होता की आजची सकाळ मोकळी ठेवा, काका चाळीस मिनिटांच्या आत बसत नाहीत. वहिनी भिंतीकडच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. मी मुद्दाम त्यांच्या बाजूला बसले, काकांच्या नाही. मॅडमनी विचारलं, "काका, तुमच्या पत्रात फक्त 'हरकत आहे' एवढंच लिहिलंय. मुद्दा कोणता?"

काका उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. "नावाला हरकत नाही," ते म्हणाले. "नाव बरोबर आहे. इमारतही बरोबर आहे. नावाच्या आधी 'कै.' लिहिलंय, त्याला हरकत आहे."

मॅडमना वाटलं आपलं ऐकण्यात काही चुकलं. "पण काका, ते वारलेत ना?"

"माहीत आहे. मी खांदा दिलाय."

"मग?"

"मग काही नाही. हरकत आहे. नोंदवून घ्या."

आणि ते खाली बसले. चाळीस मिनिटांचा माणूस, मिनिटभरात आटोपला. पंख्याखाली कागद फडफडत होते ते क्लार्कने हाताने दाबून धरले. मी वहिनींकडे बघितलंच नाही, मला धीर झाला नाही. मग त्यांचाच आवाज आला, अगदी साधा. "माझंही नाव घाला त्यात. माझीही तीच हरकत आहे."

मॅडम हुशार होत्या. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि सांगितलं की व्यक्ती हयात नसावी असा नियम आहे, पण ते पाटीवर लिहिलंच पाहिजे असा नियम कुठे दिसत नाही. तेवढी अक्षरं गाळून प्रस्ताव तसाच पुढे जाऊ शकतो, परत पाठवायची गरज नाही. क्लार्कने पेनाने एक बारीक रेघ मारली. संध्याकाळी मी समोर गेले आणि म्हटलं, "काका, चुकलंच माझं." काका म्हणाले, "चुकलं." मग काकूंनी घावन दिलं, ते मी उभ्याउभ्याच खाल्लं.

पाटी वर्षश्राद्धाच्या आधी लागली. वहिनींनी बघितली, खाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि त्या नाशिकला गेल्या. पाटीवर नुसतं नाव आहे. जुन्या लोकांना सगळं ठाऊक आहे, पण अभ्यासिकेत दरवर्षी नवी मुलं येतात, त्यांना कुठून असणार? मागच्या महिन्यात तिथला वॉचमन एक पत्र घेऊन काकांकडे आला. असलं काही आलं की काकांकडे न्यायचं, एवढं त्याला कळतं. नर्सिंगच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीने थेट साहेबांच्या नावाने लिहिलं होतं. महोदय, आपल्या अभ्यासिकेतला तिसऱ्या रांगेचा पंखा फार आवाज करतो, लक्ष लागत नाही, तरी आपण स्वतः येऊन एकदा बघून जावे ही विनंती.

काकांनी ते दोनदा वाचलं. चांगलं पत्र आहे म्हणाले, हरकत घ्यावी असं काही नाही. मग फुलस्केप काढले, कार्बन लावले आणि पंख्याविषयी तीन प्रती करायला घेतल्या. कितीतरी महिन्यांनी ते अक्षर बघून काकू आत गेल्या आणि उगाचच भांडी आवाज करत लावायला लागल्या. मी म्हटलं, "काका, त्या पोरीला सांगायला हवं ना कुणीतरी, साहेब आता नाहीत म्हणून."

"सांगू की," काका मान वर न करता म्हणाले. "आधी पंखा होऊ दे."

पंखा बदलून आता पंधरा दिवस झाले. पोरीला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. ऑफिसला जाता-येता मी रोज त्या दारावरून जाते. वॉचमनने दाखवून ठेवलेली ती मुलगी खिडकीशी बसलेली दिसते, पण मीही नाही सांगितलं.