आतल्या खोलीला बाहेरचं दार

नागोजी तारिहाळच्या एका कारखान्यात रात्रपाळी करायचा. सकाळी घरी यायचा तेव्हा अंग गळून गेलेलं असायचं, पण झोप लागायची नाही. झोपायच्या खोलीचं दार पातळ होतं, बाहेर वाटी पडली तरी तो दचकून उठायचा. शेवटी त्यानं पाडलेल्या एका घराचं जाडजूड सागवानी दार विकत आणलं.

"अण्णा, हे रस्त्याकडचं दार. आत कशाला?" सुतारानं विचारलं.

"झोपायचंय रे मला," नागोजी म्हणाला.

दार बसलं आणि त्याला गाढ झोप लागू लागली. एका दुपारी पाणी प्यायला तो बाहेर आला. मोबाइलवर कन्नड गाणं मोठ्यानं लागलं होतं. त्याची बायको चंद्रभागा शेंगाचटणी कुटता कुटता लेकीशी खळखळून हसत होती. इतक्या वर्षांत त्यानं तिला असं हसताना ऐकलंच नव्हतं. त्याला पाहताच दोघी गप्प झाल्या. लेकीनं गाणं बंद केलं.

"उठवलं का तुम्हाला?" चंद्रभागा हळू आवाजात म्हणाली.

"नाही गं. चालू दे तुमचं."

तो आत गेला, दार लावून पलंगावर बसला. त्या पुन्हा हसताहेत का, ते त्याला ऐकायचं होतं. काहीच ऐकू येत नव्हतं.