पाचवी अट

माझी खुर्ची जाजमाबाहेर होती.

कॉलेजच्या सभेतल्या बाकी अकरा खुर्च्या जाजमावर. बारावी माझी. भिंतीकडची कड दुमडून जाजम मागं ओढलं होतं. माझ्या खुर्चीचे चारही पाय फरशीवर येतील, एवढंच नेमकं. शिपायानं हे माझ्या डोळ्यांदेखत केलं. मी विचारलं, "काऊन दुमडलं?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरांनी सांगतलं. शेठजींच्या घरचं हाये ते."

शेठजी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. जिनिंग त्यांचीच. माझा बाप तिथं हमाल होता. कापसाच्या गाठी पाठीवर वाहायचा. बापानं वाहिलेल्या कापसावर आलेलं जाजम लेकाच्या पायानं बाटणार होतं. मी बसलो. त्या दिवशी बसलो याची लाज अजून वाटते.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातलं एक कॉलेज. नाव घेत नाही, कारण तसं ते एकटंच नव्हतं. आम्ही मूळचे पिंपळगाव राजाकडच्या एका खेड्यातले, गावकुसाबाहेरचे. दीक्षा घेऊन झाली होती. घरातले देव नदीत सोडून झाले होते. बाप जिनिंगसाठी आम्हाला शहरात घेऊन आला, पण जात आमच्या आधी पोचली होती.

मला राज्यशास्त्रात ऑनर्स करायचं होतं. विषय आंतरराष्ट्रीय संबंध. माणसं माणसांशी कशी वागतात ते शिकून झालं होतं. देश देशांशी कसे वागतात ते शिकायचं होतं. वस्तीतल्या कुणाला हा विषय समजला नाही. माय म्हणायची, "दूर देशाचं शिकून राह्यला माहा पोरगा." तिला तेवढं पुरे होतं.

नोटिसबोर्डावर चार अटी लावल्या होत्या. पहिल्या वर्षी साठ टक्के. ते मला होते, वर दोन जास्त. वाचनालयात रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचल्याची सही. ते वर्तमानपत्र माझ्यापर्यंत सगळ्यांच्या मागून यायचं, पण मी दार बंद होईपर्यंत थांबायचो, एक दिवस चुकवला नाही. तिसरी अट कॉलेजातल्या युनोची. प्रत्येकानं एकेका देशाचा प्रतिनिधी व्हायचं आणि भरल्या सभेत त्या देशाची बाजू मांडायची. चौथी विभागप्रमुखांची शिफारस. या चार अटी मी वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतल्या होत्या. मला तोंडपाठ होत्या.

विभागप्रमुख पुण्याकडचे. देश वाटायच्या दिवशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, मले भारत द्या."

"मले?" ते म्हणाले. "आधी मराठी शिक. मग भारत माग."

वर्ग हसला. भारत शेठजींच्या पुतण्याला गेला. मला दक्षिण आफ्रिका. गोऱ्यांचं राज्य, काळ्यांसाठी वेगळे कायदे, आणि मी त्या गोऱ्यांचा वकील. सर म्हणाले, "तुझा घरचाच विषय आहे. अभ्यास कमी करावा लागेल." वर्ग पुन्हा हसला. सगळ्यात वाईट म्हणजे मीपण हसलो. मार चुकवायला लहानपणी जसं हसायचो तसं.

पण अभ्यास मी केला. महिनाभर. वेगळी बाकं, वेगळे दवाखाने, वेगळी वस्ती, गोऱ्यांच्या भागात फिरायला परवाना. हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या गावात याचा कायदा नव्हता, एवढाच फरक. गावाला कायद्याची गरजच पडली नव्हती.

तर ती सभा. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत शेठजी. टेबलावर कागदी झेंडे, सभेचे अध्यक्ष झालेल्या सरांसमोर पितळी घंटा. पुतण्या भारतातर्फे बोलला. वर्णभेद म्हणजे मानवतेला काळिमा. आमची संस्कृती सगळ्यांत एकच आत्मा पाहते. टाळ्या पडल्या. शेठजींनीही वाजवल्या.

मग मी उठलो. पाय फरशीवर. फरशी गार लागत होती.

"अध्यक्ष महोदय," मी म्हणालो, "आमच्या देशात कुणावर जुलूम नाही. पाणी सगळ्यांना मिळतं. विहिरी तेवढ्या वेगळ्या आहेत. शाळेत सगळे बसतात. काही जण दाराबाहेर बसतात, तिथं हवा चांगली लागते. मेलेलं ढोर ओढायचा मान आम्ही एकाच समाजाला देतो, दुसऱ्या कुणाला मागू देत नाही. मेल्यावर जाळायला सगळ्यांनाच जागा आहे. फक्त ती एक नाही. आणि सभेत आम्ही सगळ्यांना खुर्ची देतो. जाजम तेवढं कमी पडतं."

सगळ्यांचे डोळे माझ्या खुर्चीच्या पायांकडे गेले. मी ते पाहिलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, लय आनंद झाला.

"हा आमचा घरचा प्रश्न आहे," मी शेवट केला. "भारताच्या सन्माननीय प्रतिनिधींना आमची रीत परकी वाटावी, याचं आम्हाला आश्चर्य वाटतं."

पुतण्यानं घंटा उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली.

दात तुटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मग खुर्ची पाठीवर आली. मग लाथा. फ्रान्सच्या लाथा, रशियाच्या लाथा. घानाचा झेंडा ज्याच्यापुढं होता त्यानं माझे केस धरून डोकं फरशीवर आपटलं. "लय शिकला का बे?" दर वेळी तो एवढंच विचारत होता. मीही हाती लागला तो पाय चावला. सोडला नाही. तोंडात रक्त माझं की त्याचं, कळत नव्हतं.

सर उठले. मला वाटलं, सोडवतात. ते म्हणाले, "अरे, जाजम सांभाळा. डाग पडतील."

दोघं मारायचे थांबले आणि जाजम गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. बाप आधीच आत उभा होता. जिनिंगमधून उचलून आणलेला, डोक्यात सरकी अडकलेली. टेबलावर माझा ऑनर्सचा फॉर्म. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बापानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"याला वळण लावा," सर बापाला म्हणाले. "इथं, माझ्यासमोर. मग मी शिफारस लिहितो. शेठजींचंही तेच म्हणणं आहे."

बाप म्हणाला, "सायेब, लेकरू हाये. काल लय मार खाल्ला त्यानं."

"तो पोरांचा. तुमचा हात पडला पाहिजे."

बाप माझ्याजवळ आला. कुजबुजला, "सही भेटते म्हणते, बाबू." आणि मारलं. गालावर, जिथं सूज नव्हती ती जागा बघून.

"आवाज आला नाही," सर म्हणाले.

बापानं पुन्हा मारलं. या वेळी जोरात. गाठी उचलणारा हात तो. डोळ्यापुढं अंधारी आली. पण मला दिसलं ते बापाचं तोंड. तो रडत होता आणि त्याचा हात तिसऱ्यांदा वर जात होता. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं म्हणून.

मी तो हात वरच्यावर धरला.

"बा, बस झालं."

मग मी सरांकडे वळलो. पुण्याची मराठी तोंडात आली नाही. मी आणलीही नाही. "सर, बोर्डावर चार अटी हायेत. साठ टक्के झाले. पेपर वाचून झाला. युनोत बोलून झालं. बापाच्या हातचा मार खाणं त्याच्यात नव्हतं. ही पाचवी अट कोणी लावली?"

त्यांनी फॉर्म बाजूला सारला.

"फॉर्मवर जागा हाये. शिफारस करत नसल्यास कारण. मले सही नको. कारण लिहा."

"बाहेर हो."

"कारण लिहा, सर."

त्यांनी लेखणी उचलली. टोक कागदावर टेकलं. एक ठिपका पडला. त्या ठिपक्यापुढं त्यांना एक अक्षर लिहिता येईना. लिहिण्यासारखं कारण नव्हतंच त्यांच्याजवळ. जे होतं ते लिहायची छाती नव्हती. त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपायानं आम्हाला गचांडी धरून काढलं. पण तोवर फॉर्म मी उचलला होता.

रस्त्यानं बाप डोक्यातली सरकी झटकत चालला. मग म्हणाला, "लागलं का?"

"हाव."

"मले भेव वाटलं शेठचं."

मी त्याला माफ केलं का? त्या दिवशी नाही. सोमवारी त्याला जिनिंगमधून काढलं. तो सडकेवर खडी फोडायला गेला. मी त्याच्या शेजारी बसून फोडली, तेव्हा केलं.

ऑनर्स मला मिळालं नाही. साधं बी.ए. झालो. त्या कारणाच्या जागेत मी स्वतःच्या हातानं सगळं लिहिलं, जाजमापासून दातापर्यंत, आणि विद्यापीठाला पाठवलं. उत्तर आलं नाही. मग दर वर्षी आमच्या वस्त्यांतलं जे कोणी तो फॉर्म घेऊन गेलं, त्याच्यासोबत मी त्या खोलीच्या दारात उभा राहिलो. दोनदा मार खाल्ला. एकदा दिला. त्याचा मला पस्तावा नाही.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. मला मारायला त्यांना माझा बाप पुन्हा मिळणार नाही. मारायचं असेल तर स्वतःचा हात उचलावा, आणि आधी कारण लिहावं. तोवर मी दारातून हलत नाही. आणि माझेही दोन्ही हात आता मोकळे आहेत.