उलटी नथ

अंधेरीच्या आमच्या घरात न्हाणीघर एकच, आणि रविवारी दुपारी ते माझं असायचं. खिडकीला काळा कागद, बादलीवर पाट, पाटावर ट्रे आणि वर लाल दिवा. आई दाराबाहेरून विचारायची की तुझं सोनं पिकलं असेल तर माणसांनी आंघोळी कराव्यात का. मी आतून खेकसायचे. तापट तर मी आहेच, पण त्या काळोखात मी जितकी सुखात असायचे तितकी कुठेच नाही.

ऐंशी सालानंतर जो तो कलर फोटोंच्या मागे लागला होता. मला वेड लागलं काचेवरच्या सोनेरी फोटोंचं. स्टेशनजवळ स्टुडिओ असलेल्या म्हाताऱ्या काकांनी ते शिकवलं आणि त्यांच्याकडे उरलेली काचांची पेटीही देऊन टाकली. काचेच्या एका बाजूला फोटोचा मसाला असतो. त्यावर कागदासारखाच फोटो उतरवायचा, धुवायचा, वाळवायचा. मग मूर्तिकाराकडची सोनेरी पूड वॉर्निशमध्ये कालवून त्याच बाजूवर फासायची. काच उलटली की माणूस सोन्यात उगवायचं.

आमच्याकडे वर्सोव्याहून मासे घेऊन येणाऱ्या मावशीने भिंतीवरचा असा एक फोटो पाहिला आणि पाटी खाली ठेवून बसूनच राहिली. तिची आई थकली होती, पण घरात तिचा एकही फोटो नव्हता. नातवंडांनी काढलेला प्रत्येक फोटो म्हातारी बघायची, "ही मी नाय" म्हणायची आणि परत करायची. तिने आपला म्हणून मान्य केलेला एक तरी फोटो भिंतीवर असावा, एवढीच मावशीची इच्छा होती.

नारळी पौर्णिमेला म्हातारी नऊवारी, वेणी, नथ असा सगळा थाट करून बसली आणि मी फोटो काढला. आधी कागदावर छापून नेला. झकास आला होता. म्हातारीने तो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "ही मी नाय."

मला भयंकर राग आला. नाही म्हणजे काय? पेटीत एकच काच उरली होती, तीही मी ईर्षेने त्याच फोटोसाठी काढली. सोनं वाळलं, काच उलटली आणि न्हाणीघरातून मी ओरडतच बाहेर आले. चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती उजळली होती. आईने बघितलं आणि शांतपणे विचारलं, "नथ उजव्या नाकपुडीत कधीपासून घालायला लागल्या गं बायका?"

वाट लागली. काकांनी तीनदा बजावलं होतं की हा फोटो काचेआडून, म्हणजे मागच्या बाजूने बघायचा असतो, म्हणून छापताना निगेटिव्ह उलटी घालायची. कागदाच्या सवयीने मी सुलटी घातली होती. नथ उजवीकडे, पदरही उजव्या खांद्यावर. मी ढसाढसा रडले, आणि रडता रडता आईवरच ओरडले.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. मी काच कपाटाखाली सरकवली होती, ती आईने बाहेर काढली. नथ पाहून मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग म्हणाली, नाहीतरी म्हातारी नाहीच म्हणणार, निदान हसेल तरी.

म्हातारी अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने हात पुसून काच घेतली. हसली नाही. बराच वेळ बघत राहिली, मग स्वतःच्या नाकाला बोट लावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठून आत गेली आणि तांबारलेल्या कडांचा हातभर आरसा घेऊन आली. एका हातात आरसा, एका हातात काच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर तिने स्वतःचं तोंड पाहिलं होतं ते फक्त त्या आरशात, आणि आरशात तिची नथ याच बाजूला असायची.

"ही मी," ती म्हणाली. मग आमच्या दोघींकडे बघून, "इतके दिवस तुमी सगले कुठल्या बाईचे फोटो काढीत होता?"

मावशीला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं. मीही केलं. म्हातारीने आरशाच्या खिळ्यावर ती काच टांगली. आरसा परत लागलाच नाही. मावशी सांगायची, आई आता वेणीसुद्धा त्या काचेसमोर उभी राहून माळते.