दौलतनं बांधलेली शेवटची तार

बाबा ताणलेल्या तारेवर बोटानं टिचकी मारायचे. टुंग्! असा आवाज आला की कुंपण पक्कं. आवाज बसका आला तर सगळी तार सोडून पुन्हा ओढायची. पन्नास वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ दौलत, दोघांनीही बाबांचंच काम केलं. वर्धेच्या आजूबाजूच्या लेआउटमध्ये किती घरांना तार घातली, आठवत नाही. या कामात दोन खांबांमध्ये एक किस्सा सापडतोच.

आमच्या दोघांच्या घरांच्या मधे मात्र कुंपण नव्हतं. एकच अंगण. गेल्या महिन्यात तिथेही कंपाउंड करायचं ठरलं, आणि जुने किस्से एकेक करून आठवायला लागले.

*

नालवाडीच्या एका गुरुजींना भारी घाई. "परवानगीचा कागद होत राहीन, तुम्ही गड्डे खना!"

आम्ही खणले, तार घातली. मग मोजणारे साहेब आले. टेप लावला आणि म्हणाले, "गुरुजी, कुंपण रस्त्यात येते. मागं घ्या."

मागं घेतलं, तर अंगणातली तुळसच बाहेर राहिली! गुरुजींची बायको चप्पल घालून, हातात दिवा घेऊन रस्त्यावर आली. साहेबांना म्हणाली, "तुळस तुमची झाली, तं आता पाणी तुम्हीच घालजा!"

*

पुलगावला लष्कराच्या दारूगोळा डेपोतून रिटायर झालेले एक काका होते. त्यांना हवी होती डेपोसारखी उंच तार, वर काटे. परवानगी देणारे साहेब म्हणाले, "घराले एवढ्या उंचीची परवानगी नाई भेटत. आत असं काय हाय?"

"वांग्याची चार झाडं."

दौलत हळूच म्हणाला, "सायेब, वांगे लय खतरनाक असतात!"

सगळे हसले, काकाही हसले. मग म्हणाले, "बायको गेल्यापासून घर लय उघडं वाटते."

दौलतनं त्या दिवशी चहा अर्धा सोडला.

*

तार मालकाच्या बाजूला उभं राहूनच बांधायची, हा बाबांचा नियम. गाठी मालकाकडे असल्या की बाहेरच्याला सोडता येत नाहीत. त्यामुळे काम संपलं की दौलत आत आणि त्याचा डबा बाहेर!

सावंगीला एका आजीनं त्याला विचारलं, "काऊन रे, मुक्कामाले राह्यला का?"

"चहा देसान तं राहतो, आजी!"

*

माझ्या मुलाला मागच्या बाजूला खोल्या काढायच्या आहेत, कॉलेजच्या पोरींसाठी. कंपाउंड नसलं तर आईबाप पोरी ठेवत नाहीत. त्याचंही खरंच आहे. परवानगीच्या अर्जावर शेजाऱ्याची संमती मागितली.

"शेजारी कोण?" अर्ज घेणाऱ्या बाबूंनी विचारलं.

"शेजारी कोणी नाई सायेब. भाऊ हाय."

"म्हणजे शेजारीच!" म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

कागद घेऊन दौलतकडे गेलो. वाटलं, भांडेल. भांडला असता तर मी तो कागद तिथंच फाडला असता. त्यानं निमूट अंगठा दिला. एवढंच म्हणाला, "दादा, गड्डे दुसऱ्या कोणाले नोको सांगजो. मीच खनतो."

दोन दिवस तो खणत होता. सगळे खांब एका रेषेत. मी तार ओढली, त्यानं बांधली. दुपारी त्याच्या बायकोनं भाजीची वाटी तारेवरून मला दिली, तेव्हा तो खाली मान घालून गाठच मारत राहिला.

शेवटची गाठ झाली. त्यानं तारेवर टिचकी मारली. टुंग्! अगदी बाबांच्या तारेसारखाच आवाज.

मग तो आपल्या घराकडे वळला आणि थांबला. सवयीप्रमाणे तो मालकाच्या, म्हणजे माझ्याच बाजूला उभा राहून बांधत होता.

मी म्हणालो, "दौलत, खालची तार सोडू का? वाकून जाशीन."

त्यानं खणायची सब्बल खांद्यावर घेतली. माझ्या फाटकातून बाहेर पडला, आणि रस्त्यानं फिरून आपल्या घराकडे गेला.