चाचांच्या टाकीचं पोट

टाकीचाचा भेटले की आधी टाकीच्या पोटाची खबर सांगत, मग स्वतःची. "आज जरा आंबट ढेकर देते," म्हणत, आणि नवख्याला वाटे, घरात सूनबाई आजारी आहे. प्रत्यक्षात ती दोहाच्या उत्तरेला एका मळ्यातली काळी प्लास्टिकची टाकी होती. काकडीचे वेल, टोमॅटोची उपटलेली झाडं, सडकी वांगी आणि मळ्यातल्या चार गाईंचं शेण तिच्यात कालवून चाचा गॅस काढत. दोन हजार सालाच्या आसपास मी ठिबकच्या नळ्या विकायला तिकडे जाई.

चाचा रत्नागिरीकडचे, मळ्याचे मुकादम. गावी कुणाच्या तरी गोठ्यामागे गोबरगॅस पाहिलेला, एवढंच त्यांचं शिक्षण. बारा मजुरांचा स्वयंपाक सिलिंडरवर. तो अर्ध्या भातावर संपला की शहरातून दुसरा येईपर्यंत सगळे खजूर चघळत बसायचे. हे चाचांच्या जिवाला लागलं होतं. "दिवसभर भाजी पिकवायची नि चुलीपाशी उपाशी बसायचा, ह्याला काय अर्थ हाय?" त्यातून टाकी उभी राहिली.

एकदा टोमॅटो उदंड झाले. चाचांनी उत्साहाच्या भरात सडके सगळेच तिला भरवले. गॅस बंद, आणि वास असा की अरबाबने, म्हणजे मळ्याच्या कतरी मालकाने, महिन्याची मुदत दिली: पेटली तर ठीक, नाहीतर टाकी उचला. चाचांनी तिला लंघन घडवलं, राख कालवली, मग रोज घमेलंभर शेण, बस्स. मी घाई केली की मलाच दटावत, "पोट काय दमदाटीनं सुधारतं, बाबू?"

मुदतीच्या दिवशी अरबाब नेमका भर दुपारी आला. चाचांनी अंगणातली शेगडी पेटवली. त्या उन्हात फिकी निळी ज्योत कुणाला दिसणार? "आग किधर? खलास, निकालो!" म्हणत त्याने शेगडीवर हात नेला. चाचांनी मध्ये आपला तळवा घातला आणि भाजून घेतला. मग त्याच हाताने चहाचं पातेलं चढवलं. अरबाब ओशाळला, दोन कप चहा प्यायला, आणि टाकी राहिली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. चाचांना नव्हता. "त्याला दिसलाच नाय, त्याचा काय दोष?"

टाकी सहा वर्षं चालली. मग वयामुळे चाचांचा तिथे राहण्याचा परवाना वाढेना आणि ते गावी गेले. नव्या मुकादमाला वासाचं वावडं. दोन महिन्यांत टाकी आडवी झाली. चाचांचा दर शुक्रवारी फोन येई. मी आधी टाळाटाळ केली, शेवटी सांगून टाकलं. चाचा म्हणाले, "आतला शेणाचा काला तरी फेकू नका. भेंडीला घाला."

"घातला, चाचा," मी म्हणालो. तो तर कुंपणाबाहेर वाळूत ओतून झाला होता. ते खोटं मला आठवडाभर झोंबत राहिलं. पुढच्या शुक्रवारी फावडं घेऊन गेलो आणि वाळलेल्या खपल्यांच्या दोन गोण्या डिकीत टाकल्या. बायको महिनाभर त्या गाडीत बसली नाही. दोहाच्या मुऐदर भागात आमच्या भाड्याच्या घरामागे मी भेंडी लावली, आणि ती अशी कोवळी आली की काय सांगू. फोनवर खरं-खोटं सगळं कबूल केलं. चाचा रागावले नाहीत.

"माझ्या वाट्याची पन तूच खा," म्हणाले.